कोलशेतच्या खाडीवरचे एक्केचाळीस रविवार

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, कोलशेतच्या खाडीकाठी एका फेरीचे तीनशे रुपये ठरले. हजर आम्ही चौघं होतो : मी, माझी मुलगी, होडीवाले, आणि काठावर जाळं दुरुस्त करत बसलेली त्यांची बायको. होडीवाल्यांनी पाचशे सांगितले होते. मी अडीचशेपासून सुरुवात केली. मुलगी मागून माझ्या शर्टाची बाही ओढत होती.

"बाबा, देऊन टाका ना. त्यांना थांबायला लागणार आहे."

"थांबायचे पैसे कसले? होडी काय मीटरवर चालते का?"

जाळ्यावरची मान वर न करता होडीवाल्यांची बायको म्हणाली, "साहेब, भाजीबाजारातनं सरल आलाव वाटतं."

मुलगी हसली. मीही हसलो, पण तीनशेवर ठाम राहिलो. माझं आयुष्य एका वाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात गेलं आहे. तीस वर्षं ट्रकचालकांची बिलं तपासतो. गाडी कुठे किती वेळ उभी होती याचा पुरावा मागायची मला सवय आहे.

मुलगी त्या आठवड्यात गुरुवारी नेदरलँड्सला जाणार होती, पीएचडीसाठी. तिकडे पीएचडी म्हणजे जवळजवळ नोकरीच असते, पगार मिळतो. पण पहिला करार एकाच वर्षाचा. वर्ष भरत आलं की तीन प्राध्यापकांची समिती बसते, झालेलं काम बघते, आणि पुढची तीन वर्षं द्यायची की तिथेच थांबवायचं ते ठरवते. थांबवलं तर पगार बंद, राहण्याचा परवाना बंद, घरी परत. इथली कायमची नोकरी सोडून ती निघाली होती. वय एकोणतीस. हे सगळं मी तिच्याकडून दोनदा समजून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

तिचा विषय आपल्याच खाडीचा होता. समुद्राचं पाणी भरतीबरोबर खाडीतून आत येतं, पावसाळ्यात नदीचं पाणी त्याला मागे रेटतं, आणि पाऊस गेला की ते महिन्या महिन्याने पुन्हा वर सरकतं. किती सरकतं, आणि किती वर्षांत ते कल्याणच्या बाजूच्या शेतांना आणि विहिरींना लागेल, असा तो प्रश्न. विठ्ठलवाडीला राहणारी माझी मोठी बहीण निरोपाच्या जेवणात म्हणाली होती, "खाडीचं पाणी खारट असतं एवढं कळायला परदेशात जायचं? मला विचारायचंस की गं, मी फुकट सांगितलं असतं."

पहिल्या वर्षासाठी मुलीला इथली मोजणी हवी होती. यंत्रं बसवायचा खर्च विद्यापीठ दुसऱ्या वर्षी करणार होतं, तेही समितीने होकार दिला तरच. म्हणून तिने एक हातात धरायचा मीटर विकत घेतला. त्याची वायर पाण्यात सोडली की एका लिटरमध्ये किती ग्रॅम मीठ आहे ते पडद्यावर येतं. दर रविवारी होडी मधल्या धारेत न्यायची, पूर्ण ओहोटी होऊन पाणी थांबलं की वरचं आणि तळाचं असे दोन आकडे घ्यायचे, वेळ लिहायची, घरी येऊन संगणकावर भरायचं. हे काम मी घेतलं. तिने मागितलं नव्हतं, मीच म्हणालो. डोंबिवलीच्या आमच्या घरापासून माणकोलीच्या पुलावरून स्कूटरने एकोणीस किलोमीटर. रविवारी मला दुसरं काम नसतं.

त्या पहिल्या दिवशी ती आमच्याबरोबर होडीत होती. होडीवाल्यांनी नांगर टाकला आणि नुसते बसून राहिले. मुलगी मला म्हणाली, "मामा सांगतील तेव्हा घ्यायचं, बाबा. ओहोटीचं पाणी जाऊन जाऊन शेवटी उभं राहतं, अगदी थोडा वेळ. तेव्हाचा आकडा पाहिजे. आधीचा नको, नंतरचा नको."

"पानी ठरला की सांगतो मी," होडीवाले म्हणाले.

पाण्यावरून थर्माकोलचा एक तुकडा घोडबंदरच्या, म्हणजे समुद्राच्या, दिशेने चालला होता. तो हळू झाला, मग एका जागी डोलायला लागला. होडीवाल्यांनी नुसती मान हलवली. मुलीने वायर सोडली. वर शून्य पॉइंट सहा, तळाशी शून्य पॉइंट नऊ. पावसाचं पाणी होतं अजून, जवळजवळ गोडंच.

विमानतळावर तिने मला नमस्कार केला आणि कानात सांगितलं, "आकडे बघा हं." आईला मिठी मारून रडली. माझ्या वाट्याला आकडे आले आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

पुढचे तीन रविवार मी होडीवाल्यांच्या सांगण्यावर चाललो. त्यातला शेवटचा, म्हणजे एकूण चौथा रविवार, दुपारचा आला. सप्टेंबर संपत आला होता, ऊन माथ्यावर. आम्ही एक वाजता धारेत पोचलो. दोन वाजले, सव्वादोन झाले. होडीवाले दर वेळी एकच सांगत होते, "पानी अजून उतरतंय, साहेब. ठरला नाय." आणि सांगता सांगता त्यांनी आपलं छोटं जाळं पाण्यात सोडलं. तीन वाजता पाणी ठरल्यावर मी आकडे घेतले, तोवर त्यांच्या टोपलीत किलोभर तरी मासळी आली असेल.

मला तिथे शंका आली. तीस वर्षांत मी अशा किती शंका घेतल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या निघाल्या आहेत. मला वाटलं, माझ्या पैशात होडी आणून हा माणूस स्वतःचा धंदा करतो आहे. उजव्या खांद्याची सालं निघाली त्या दिवशी.

त्या आठवड्यात मी मुंबई बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता मिळवला. प्रत्येक दिवसाच्या चारही वेळा, मिनिटासकट. वर्षभराच्या रविवारांवर मी लाल पेनाने खुणा केल्या. पाचव्या रविवारी ओहोटीची वेळ सकाळी सहा बावन्न. सहा एक्कावन्नला मी वायर हातात घेतली आणि सहा बावन्नला सोडली.

"साहेब, अजून नाय," होडीवाले म्हणाले.

मी तक्ता दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"यो कागद मुंबईचा. हितं पानी वसईकरनं येतं नि जातं. त्याला येल लागतं."

"सरकारी कागद आहे. समुद्र एकच असतो ना, मामा?"

 ते वल्हं उचलत म्हणाले, "तुमचा पैसा, तुमचा पानी."

मला काय वाटत होतं ते खरं सांगतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिचं पाणी उतरतं तेव्हा या कोपऱ्यात आधी आणि त्या कोपऱ्यात नंतर असं उतरत नाही. सगळीकडे एकदमच उतरतं. समुद्राचंही तसंच असणार असं मी धरून चाललो. कोणाला विचारलं नाही. मुलीला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. उलट, नुसत्या तोंडी सांगण्यावर चाललेलं काम मी कागदावर आणलं होतं.

तिथून पुढे माझं काम चाळीस मिनिटांत होऊ लागलं. होडीवाले मला नेत, आणत, तीनशे घेत. बोलणं कमी झालं. त्यांची बायको मात्र मी दिसलो की घड्याळाकडे बोट दाखवून विचारायची, "आज पानी किती वाजताची गारी पकरनार, साहेब?"

तिकडे मुलीचं वर्ष कसं चाललं होतं ते आम्हाला रविवारच्या फोनवरून कळायचं. मी आकडे भरले की ती फोन करायची. आधी आईशी बोलणं : जेवलीस का, काय जेवलीस, टोपी घालतेस का. मग माझ्याशी.

"किती आलं, बाबा?"

"वर पाच पॉइंट एक, तळाशी सात पॉइंट आठ."

"अरे वा. चढतंय."

नोव्हेंबरमध्ये तिने सांगितलं की तिकडे साडेचारला अंधार पडतो. डिसेंबरमध्ये सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत ती कोणाशीही एक शब्द बोलली नव्हती, दुकानातल्या बाईला थँक्यू म्हणाली तेवढंच. तिचे मार्गदर्शक वाईट नव्हते. फार सभ्य होते. एखादं काम आवडलं नाही की "इंटरेस्टिंग" म्हणायचे, असं ती सांगायची. तिने चार महिने खपून लिहिलेल्या पहिल्या प्रकरणाला ते तीन वेळा इंटरेस्टिंग म्हणाले आणि शेवटी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

जानेवारीतल्या एका रविवारी ती एकदम म्हणाली, "मला नाही जमणार बहुतेक, बाबा."

माझ्या हातात वही होती.  तिच्या विषयातलं मला कळत नव्हतं, ती थंडी मला माहीत नव्हती, त्या खोलीत मी कधी गेलेलो नव्हतो. मी म्हणालो, "आज वर नऊ पॉइंट चार आलंय."

ती म्हणाली, "हो का? छान. तुमचे आकडे तेवढे नीट आहेत. बाकी सगळं असंच आहे."

फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "मुलगी रडकुंडीला आलीय आणि तुम्ही तिला मीठ सांगताय?"

"मग काय सांगू?"

 ती आत गेली आणि कुरिअरने पाठवायचे मेथीचे लाडू वळत बसली. ते लाडू तिकडच्या तपासणीत अडकले आणि सव्वा महिन्याने पोचले. मुलीने फोटो पाठवला, डब्यात सगळा भुगा होता. चमच्याने खातेय, म्हणाली.

फेब्रुवारीपासून तिचा आवाज थोडा बदलला. मार्गदर्शकांनी सुचवलं होतं की बाजूला ठेवलेलं प्रकरण सोडून दे, वर्षाचं काम खाडीच्या मोजणीभोवतीच मांड. म्हणजे समितीपुढे ती जे ठेवणार होती त्याचा कणा आमचे रविवार होते. तिने मला मसुद्यातलं एक पान पाठवलं. त्यात माझा उल्लेख स्थानिक निरीक्षक असा होता. मी ते पान ऑफिसात दोघांना दाखवलं. बहिणीलाही पाठवलं. तिचं उत्तर आलं, "आता पाण्यावरही हिशेबनीस बसला."

जूनअखेर अहवालासाठी मोजणी थांबली तेव्हा एकूण एक्केचाळीस रविवार झाले होते. दोन चुकले होते, एक तापामुळे आणि एक होळीच्या दिवशी होडी मिळाली नाही म्हणून. मे महिन्यात तळाचा आकडा एकवीसपर्यंत गेला होता आणि पावसाने तो पुन्हा एकच्या खाली आणला होता. मिठाचं एक पूर्ण वर्तुळ. मी त्याचा आलेख वहीत हाताने काढला.

जुलैच्या मध्यात, एका बुधवारी, दुपारी तीन वाजता ऑफिसात तिचा फोन आला. कामाच्या दिवशी ती कधी करत नसे. मी जिन्यात गेलो.

"बाबा, एक विचारायचंय. तुम्ही रीडिंग घेता तेव्हा पाण्यावरचा कचरा थांबलेला असतो ना? म्हणजे पानं, पिशव्या वगैरे?"

मला खोटं बोलायचं कारण नव्हतं. मी आठवून सांगितलं, "नाही. चाललेला असतो."

"कुठे?"

"घोडबंदरकडे."

"दर वेळी?"

"हो, बहुतेक दर वेळी."

फोनवर कोणीतरी मागे दार लावल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "मामा काय म्हणायचे?"

मी तिला सगळं सांगितलं. चौथा रविवार, मासळी, तक्ता, लाल पेन. सांगताना माझ्याच कानाला ते कसं लागत होतं ते लिहीत नाही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. तिचं गणित सांगत होतं की त्या वेळांना खाडीचं पाणी अजून जोरात बाहेर जात असायला हवं. आठवडाभर ती आपल्याच गणितात चूक शोधत होती. माझ्या आकड्यांवर संशय तिने सगळ्यात शेवटी घेतला होता.

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "मला आता मीटिंग आहे."

समितीला सहा आठवडे उरले होते.

त्या रविवारी मी मीटर न घेता कोलशेतला गेलो. होडीवाल्यांना म्हणालो, मला फक्त धारेत नेऊन बसवा आणि पाणी थांबलं की सांगा. तक्त्याची वेळ झाली. खाली पाणी घाईघाईने चाललं होतं. नांगराचा दोर ताठ होता. हा दोर मी सदतीस रविवार बघितला होता आणि तो ताठ का आहे हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. होडी अर्धवट वळून दोर ढिला पडला तेव्हा तक्त्यापुढे एक तास पन्नास मिनिटं झाली होती.

"ठरला," होडीवाले म्हणाले.

"तुम्ही मला सांगितलं होतंत."

"सांगितला होता."

"मग जोर का नाही धरलात?"

ते हसले. त्यात राग नव्हता. "साहेब, तुमी वाचलेला मानूस. मी म्हटला तुमाला काय वेगलाच पायजे असंल."

पुढच्या रविवारी फरक एक तास पस्तीस मिनिटं आला. त्याच्या पुढच्या रविवारी नदीच्या वरच्या अंगाला मोठा पाऊस झालेला, तेव्हा दोन तासांच्या वर गेला. म्हणजे एक ठरावीक आकडा मिळवून सगळं सरळ करता येईल असंही नव्हतं. तरी मी प्रयत्न केला. अमावास्या-पौर्णिमा किती जवळ, पाऊस किती, असं बघून सदतीस रविवारांच्या सदतीस दुरुस्त्या काढल्या. तीन संध्याकाळी लागल्या. मूळ आकड्यांच्या शेजारी दुरुस्त आकड्यांचा रकाना करून मुलीला पाठवला. पहिल्या चार रविवारांना हात लावायची गरज नव्हती.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बाबा, असं नाही करता येत. जे मोजलं नाही ते मोजलेलं नाही."

हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत मी आमच्या ऑफिसातल्या कारकुनांना अनेकदा ऐकवलेलं आहे. पावती हरवली म्हणून अंदाजाने रक्कम टाकणाऱ्याला मी सगळ्यांसमोर बोललेलो आहे.

मग मी तिच्या मार्गदर्शकांना इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. चूक संपूर्णपणे माझी आहे, माझ्या मुलीला याची कल्पना नव्हती, तिचं नुकसान होऊ नये. दीड पान झालं. बायकोने ते मागून वाचलं.

"हे काय? वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहिताय? पोट दुखत असल्याने गृहपाठ झाला नाही?"

"मग मी काय करू ते तरी सांग."

"काही करू नका. तुम्हाला काही न करता बसणं कधी जमलंय का?"

मी पत्र मुलीलाच पाठवलं, तुला योग्य वाटलं तर पुढे दे म्हणून. ती म्हणाली की तिने मार्गदर्शकांना आधीच सांगितलं आहे. वडिलांचं नाव घेतलेलं नाही. मोजणीची पद्धत तपासत राहणं ही संशोधकाची जबाबदारी असते आणि ती तिने पाळली नाही, एवढंच सांगितलं आहे.

"पण ते खरं नाहीये," मी म्हणालो.

"खरंच आहे, बाबा. वर्षभर मी तुम्हाला किती आलं तेवढंच विचारलं. कसं घेता ते एकदाही विचारलं नाही."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मोजून सांगता येणार नाही. ती रोज बारा-बारा तास बसून प्रकरण पुन्हा लिहीत होती, सदतीस रविवार काढून टाकून. रविवारी फोन येत होता, पण आता विचारायला आकडा नव्हता. आमच्या दोघांमध्ये एवढं एकच बोलणं होतं हे मला तेव्हा कळलं. मी विचारायचो, थंडी आहे का. ऑगस्ट महिना होता. ती म्हणायची, नाही, ऊन आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी समिती बसली. त्यांचे सकाळचे अकरा, आपले दुपारचे अडीच. मी अर्धी रजा टाकून घरी आलो. बायकोने देवापुढे निरांजन लावलं आणि टीव्ही बंद ठेवला. पाच वाजले, साडेपाच झाले. ती म्हणाली, एवढा वेळ म्हणजे नाहीच म्हणाले असतील. मी म्हणालो, नाही म्हणायला वेळ लागत नाही. दोघांनाही काही माहीत नव्हतं. सहा चाळीसला फोन वाजला.

समितीने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. करार सहा महिन्यांनी वाढवला होता. तेवढ्यात नवी मोजणी करून पुन्हा समितीपुढे यायचं, मग निर्णय. जुन्या एक्केचाळीसांपैकी चारच आकडे अहवालात राहतील, होडीवाल्यांनी सांगितल्यावर घेतलेले. मार्गदर्शकांनी काय म्हटलं असं आईने विचारलं.

"प्रामाणिक आहेस म्हणाले," मुलगी म्हणाली. "आणि इंटरेस्टिंग म्हणाले."

तिघंही थोडं हसलो. मग मी घाईने बोलायला लागलो. म्हणालो, काळजी करू नकोस, या रविवारपासूनच सुरू करतो, तक्ता फाडून टाकलाय, आता मामा म्हणतील ती पूर्व दिशा, चार तास बसवलं तरी बसेन, डोक्यावर छत्री धरीन.

 बायको माझ्याकडे बघत होती.

"नको, बाबा."

"अगं पण आता मला कळलंय ना."

"तुमच्यावर राग नाहीये. खरंच नाही. पण पुन्हा एखादा रविवार असा येईल की तुम्हाला काहीतरी वेगळं वाटेल. मला ती भीती घेऊन सहा महिने काढता येणार नाहीत. ज्यांना पाणी कळतं त्यांनीच घेऊ दे."

तिने होडीवाल्यांशी फोनवर बोलणं आधीच केलं होतं. आकडे वाचायचं आणि लिहायचं काम त्यांची बायको करणार होती. ती नववीपर्यंत शिकलेली आहे आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला मुलीने नेदरलँड्सहून सांगितलं. वर्षभर मी त्या बाईंसमोरून होडीत चढत होतो.

शनिवारी मी मीटर, चार्जर आणि कोरी वही घेऊन कोलशेतला गेलो. मीटर कसा सुरू करायचा, वायर किती खाली सोडायची, नंतर गोड्या पाण्याने कशी धुवायची ते दाखवलं. बाईंनी दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी मी मध्येच हात घातला तेव्हा म्हणाल्या, "साहेब, आता नुसता बघा." मी बघितलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तारीख, वेळ, वर, खाली असे रकाने आखले. मी सांगायच्या आधीच त्यांनी पाचवा रकाना केला आणि त्यावर लिहिलं : पाणी ठरले का.

पैशांचं मी विचारलं तेव्हा होडीवाले म्हणाले, "तुमच्या पोरीशी ठरलाय." फेरीचे, थांबण्याचे आणि लिहिण्याचे मिळून दर रविवारी आठशे रुपये. तिने सांगितले तेवढे त्यांनी घेतले, त्यांनी मागितले तेवढे तिने दिले, कोण किती म्हणालं ते मला कोणी सांगितलं नाही. सप्टेंबरचे चार रविवार नीट झाले असं मुलीकडून कळलं. आकडे किती आले ते मी विचारलं नाही. फेब्रुवारीअखेर समिती पुन्हा बसेल. त्या चार रविवारांचे बत्तीसशे रुपये मुलीने तिच्या पगारातून पाठवले. ते थेट होडीवाल्यांच्या बायकोच्या खात्यावर जमा झाले.